नाशिकचं पार्सल

"कुंदाताईंचं दुकान हेच ना?"

मी मान वर केली. पायरीखाली पांढरी गाडी उभी होती आणि एक बाई वर चढत होत्या. मागं त्यांची सून, सातव्या-आठव्या महिन्यातली, एका हातानं दाराची चौकट धरून. नंबरवरून गाडी बेळगावची दिसत होती.

"हे माळवदे टेलर्स," मी म्हटलं. "सूट, सफारी, पँट."

"हो, पण कुंच्या शिवणाऱ्या कुंदाताई इथंच बसतात ना? फोनवर हाच पत्ता दिलाय."

मी खडूनं आतल्या पडद्याकडं दाखवलं. पडद्यामागच्या पाच बाय सातच्या जागेत माझी बायको बसायची. बाई आत गेल्या. सून जरा घुटमळली, माझ्या मशिनवरची शाळेची खाकी चड्डी बघून तिनं सरळ मनानं विचारलं, "तुम्ही कामाला असता का त्यांच्याकडं?"

"मी त्यांचा नवरा आहे," मी म्हणालो.

ती बिचारी लाजली. सॉरी म्हणाली. मी हसून दाखवलं, पण त्या दिवशी मी त्या चड्डीच्या दोन्ही पायांना एकाच बाजूचे खिसे लावले आणि संध्याकाळी सगळं उसवत बसलो.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं दुकान वडिलांच्या काळापासून. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे सूट आम्ही शिवले. लोक मला मास्तर म्हणायचे, आणि ते नाव मी मिरवायचो. नंतर तयार कपडे आले आणि माझ्याकडं राहिले शाळेचे गणवेश, चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं. सुटाचं कापड घेऊन येणारा वर्षाला एखादा. तोही म्हातारा.

कुंदा लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा टाका घालता येत नव्हता. मी शिकवलं. बावीस वर्षं ती माझ्या कपड्यांना काजं करायची, बटणं लावायची, हातशिलाई करायची. मी तिचं प्रत्येक काम उलटं करून बघायचो. आतून जरा ओबडधोबड दिसलं की तिच्या मांडीवर टाकायचो आणि एकच शब्द बोलायचो, "उसव." ती उसवायची. चांगलं झालं असेल तर मी काहीच बोलायचो नाही. माझे वडीलही माझ्याशी असेच वागले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

कुंचीचं सुरू झालं ते माझ्या भाचीच्या बाळाच्या बारशाला. टोपडं आणि त्याला मागं पाठभर कापड, थंडीवाऱ्यात बाळाला गुंडाळायला. कुंदानं खणाच्या उरलेल्या तुकड्यांची एक शिवली, आतून मऊ मलमलचं अस्तर, कडेला मोती. आमची मुलगी तेजल तेव्हा कोल्हापूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं फोटो काढून फोनवर टाकला. चार दिवसांत नऊ बायकांनी विचारलं. मग तेजलनं आईच्या नावानं एक पान उघडून दिलं. पानाचं नावही तिनंच ठेवलं, 'कुंदाची कुंची'.

मी म्हटलं, "चार दिवसांची हौस आहे. होऊ दे."

दीड वर्ष झालं तरी हौस संपेना. उलट ती बाई शिकत चालली. हे मला कसं कळलं ते सांगतो. एकदा पाटील सरांच्या पँटचं माप बघायला मी मापाची वही उघडली. डाव्या पानावर माझ्या अक्षरात कंबर अडतीस, उंची चाळीस. उजव्या पानावर कुंदाचं बारीक, तिरकं अक्षर.

'फोटो सकाळी नऊला दाराजवळ. फ्लॅश नको, खणाचा रंग खोटा येतो.'

'माप इंचात नाही, महिन्यात लिहायचं. तीन महिने, सहा महिने. आयांना इंच कळत नाहीत.'

'आतल्या अस्तराचा फोटो पाहिजेच. बाळाला आतलंच लागतं.'

'कुणी विचारलं तर तासाभरात उत्तर. नाही म्हणायचं असलं तरी.'

'कुणी वाईट लिहिलं तर भांडायचं नाही. काय चुकलं ते विचारायचं.'

'प्रत्येक पार्सलमध्ये बाळाला हातानं दोन ओळी.'

"हे काय माझ्या वहीत?" मी विचारलं.

"अहो, कोरी पानं होती म्हणून लिहिलं. तेजल सांगते, काही त्या व्हिडिओत सांगतात, काही माझं मलाच कळलेलं. विसरायला होतं."

"आमच्या वडिलांनी कधी गिऱ्हाइकाला चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत."

"त्यांचं गिऱ्हाईक समोर उभं असायचं," ती म्हणाली. भांडायला नाही, अगदी सहज. मी वही मिटली.

गंमत म्हणजे नंतर मीही तिच्या पानावर उतरायचं ठरवलं. तिला कळू न देता आठ दिवस खपून लहान मुलाची एक बंडी शिवली. चांगलं सुटाचं कापड, चार खिसे, प्रत्येक खिसा बोटाएवढा, कॉलर अशी बसवलेली की तिला इस्त्रीसुद्धा लागू नये. तिच्यासमोर टाकली. म्हटलं, "हे घाल तुझ्या फोनवर. बघू दे लोकांना काम काय असतं."

तिनं बंडी हातात घेतली, उलटसुलट केली. "किती छान झालीय हो," म्हणाली. फोटो काढला, टाकला.

महिना झाला. एकानं विचारलं नाही. रोज संध्याकाळी मी काही दुसरंच बोलत असल्यासारखं विचारायचो, "काय म्हणतंय तुझं पान?" तिला कळायचं. ती सांगायची, "लहान मुलांना सुटाचं कापड टोचतं ना, म्हणून असेल. आत मलमल लावू या का? फोटो परत काढू. महिने लिहायचे राहिलेत बघा."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ती बंडी तिच्या फळीवरून उचलून माझ्या कपाटात ठेवली.

त्यानंतर मला सगळंच खुपायला लागलं. तिचा फोन वाजला की खुपायचं. शेजारचे भांड्यांचे दुकानदार म्हणाले, "मास्तर, वहिनींनी नाव काढलं हं गावाचं," की मी तोंड भरून हसायचो आणि आत येऊन जोरात मशिन चालवायचो. मी स्वतःची समजूत घालायचो. कुंचीत काय असतं? चार सरळ शिवणी. मोती लावले, खण चमकला, की बायका भुलतात. फोटोत आतलं काम कुठं दिसतं? आत बघणारा कुणी असता तर कळलं असतं. मला हे खरंच वाटत होतं. तिची एकही तयार कुंची मी उलटी करून बघितली नव्हती. तिनंही बघायला दिली नव्हती. माझ्या कपड्यांची काजं मात्र मी अजून उलटी करून तिच्या मांडीवर टाकत होतो.

पार्सलं कुरिअरच्या ऑफिसात नेऊन द्यायचं काम माझ्याकडं होतं. ऑफिस बसस्टँडजवळ, मी लुनावरून जायचो. तेवढंच तिच्या धंद्यातलं माझं काम. नेऊन टाकायचो आणि पावती आणून तिच्या डब्यात ठेवायचो.

आणि मग नाशिकहून ती साडी आली.

स्वरूपा गायधनी नावाच्या मुलीनं पाठवली होती. तिला आठवा महिना होता. आई आदल्या वर्षी गेलेली. आईची ही इरकल साडी, आणि पदराजवळ आईनं लग्नाआधी स्वतःच्या हातानं कशिद्यात काढलेला एक मोर. स्वरूपाचं एकच मागणं होतं: बाळाच्या कुंचीच्या बरोबर पाठीवर तो मोर आला पाहिजे. फोनवर बोलताना ती मधे थांबत होती. कुंदानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता म्हणून मलाही ऐकू आलं.

साडी उलगडली तेव्हा मीच आधी बघितलं. मोराच्या मानेखाली उंदरानं कुरतडलेलं भोक होतं. रुपयाएवढं. नेमकं कशिद्यातच.

"झालं," मी म्हटलं. "हे नाही व्हायचं."

कुंदानं ते भोक बोटावर धरून दाराच्या उजेडात बघितलं. "रफू करता येईल."

"इरकलीवर? कशिद्यात? येड्यासारखं बोलू नकोस. याला हात मुरलेला लागतो."

आता सांगायला हरकत नाही, रफू म्हणजे माझा अभिमान होता. ऐन भरात असताना कोल्हापूरहून लोक जळके सूट घेऊन माझ्याकडं यायचे. त्याच कापडाच्या आतल्या बाजूचा दोरा काढायचा आणि एकेक दोरा विणत भोक भरायचं. सबंध तालुक्यात हे काम माझ्यासारखं कुणी करत नव्हतं. मी मनात म्हटलं, आता येईल माझ्याकडं. चार दिवस गेले. मी चष्म्याची काच पुसून ठेवली, बारीक सुया काढून ठेवल्या. ती आली नाही. पडद्यामागं तिची कात्री ऐकू यायची, मग नुसती शांतता. मशिन नाही, काही नाही. मी एकदा पाणी प्यायच्या निमित्तानं आत डोकावलो तर तिनं मांडीवरच्या कपड्यावर हात ठेवला.

"काही पाहिजे होतं?"

"काही नाही."

"तुमचे गणवेश कधी द्यायचेत?"

"शनिवारी."

झालं बोलणं. ती मला विचारणार नव्हती. बंडीच्या वेळी मी तिला जे म्हटलं होतं, ते ती माझ्यावर उलटवत होती असं मला तेव्हा वाटलं. तसं नव्हतं. पण तेव्हा तसंच वाटलं.

बाळ जरा लवकर आलं. मुलगी झाली. स्वरूपाचा फोन आला, बारसं रविवारी, मुलीला आजीचंच नाव ठेवणार. कुंदा म्हणाली, "काळजी करू नका, बुधवार-गुरुवारपर्यंत पोचेल." मंगळवारी दुपारी तिनं पार्सल बांधून माझ्या हातात दिलं. वरती पत्ता, बाजूला मोठ्या अक्षरात 'सांभाळून'.

"आजच गेलं पाहिजे हं," ती म्हणाली. "पावती नीट घ्या."

"रोजच नेतो मी."

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. पडद्याआडून मला एकीकडचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही आलं अजून?... अहो मंगळवारीच पाठवलंय... रडू नका, तुम्ही रडू नका, बाळंतिणीनं रडू नये. मी बघते. मी आत्ता बघते."

ती बाहेर आली. कपाळावर घाम होता.

"नाशिकच्या पार्सलची पावती कुठंय हो? डब्यात नाही."

"असेल की."

"नाही. सगळा डबा बघितला."

"मग पडली असेल वाटेत," मी म्हणालो. मशिन थांबवलं नाही.

तिनं पायात चप्पल घातली आणि चालत बसस्टँडकडं गेली. मी लुनावर सोडतो म्हणालो नाही. ती गेल्यावर मात्र मशिनवरचा पाय हलेना. ऑफिसात जायला दहा मिनिटं. रजिस्टर बघायला पाच. यायला दहा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. पळून जावं असंही डोक्यात आलं. बावन्न वर्षांचा माणूस, स्वतःच्या दुकानातून कुठं पळून जाणार?

ती आली तेव्हा हातात काही नव्हतं. दारात उभी राहिली. ओरडेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो.

"त्यांनी रजिस्टर दाखवलं," ती म्हणाली. "मंगळवारी मास्तर आलेच नाहीत म्हणाले."

मी मशिनवरचं कापड उगाच सरळ केलं.

"कुठं ठेवलंय?"

इस्त्रीच्या टेबलाखाली एक खण आहे, जुने कॉलरचे पुठ्ठे ठेवायचा. मी तो ओढला.

पार्सल तिनं बांधलं होतं तसं नव्हतं. चिकटपट्टी ब्लेडनं कापलेली होती. कुंची वरच होती, उलटी केलेली, अस्तर बाहेर. शेजारी माझं भिंग. ते काढून ठेवायचंही मला सुचलं नव्हतं.

कुंदानं कुंचीला हात लावला नाही. आधी भिंग उचललं, माझ्याकडं बघितलं, आणि भिंग टेबलावर ठेवलं.

"उलटी करून बघितलीत?"

"हो."

"मग?"

बावीस वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. काम माझ्या हातात द्यायची आणि उभी राहायची, मी काय बोलतो त्याची वाट बघत. 'उसव' नाही म्हटलं तर चांगलं झालंय, एवढंच तिला समजायचं. आता ती विचारत होती, आणि मला 'छान' एवढा एकच शब्द बोलायचा होता. गिऱ्हाइकाला मी तो दिवसातून दहादा बोलायचो. तिला बोलता येईना. मी खाली बघितलं.

तिनं कुंची सरळ केली. मोरावर तळहात फिरवला, घडी घातली, चिठ्ठी तपासली, परत कागदात बांधली. मग फोन लावला. "स्वरूपाताई, पार्सल सापडलं. आमच्याकडूनच चुकून राहिलं होतं. उद्या तुमच्या हातात देते. हो, मी स्वतः येते."

"तू कुठं जाणार नाशिकला?" मी म्हणालो. ती एकटी कधी कोल्हापूरच्या पुढं गेली नव्हती. "मी नेऊन देतो. आत्ता निघतो."

"तुमच्याकडं परत देऊ?"

एवढंच बोलली. आवाजही चढवला नाही. घरी जाऊन साडी बदलली, एक पिशवी घेतली आणि दीडच्या कोल्हापूर गाडीत बसली. मी स्टँडपर्यंत मागं गेलो. गाडी सुटताना तिनं खिडकीतून सांगितलं, "कुकर गॅसवर आहे. दोन शिट्ट्या करा." बाकी काही नाही.

ते दोन दिवस मी दुकान उघडून नुसता बसलो. कशासाठी केलंस, असं कुणी विचारलं असतं तर मी तेव्हा खोटं सांगितलं असतं. बायको हाताबाहेर चालली होती म्हणून, किंवा दुकानात माझी पत राहिली नव्हती म्हणून. लोकांनाही ते पटलं असतं.

खरं असं आहे. मंगळवारी लुनावर बसलो तेव्हा मी कुरिअरलाच निघालो होतो. वाटेत मनात आलं, रफू कसं केलंय ते तरी बघू. ते बिघडलं असणार याची मला खात्री होती. नुसतं बघून परत चिकटवायचं, आणि रात्री जेवताना सहज म्हणायचं, मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं. तेवढंच सुख मला पाहिजे होतं. दुकानात परत येऊन मी पट्टी कापली.

आधी अस्तर बघितलं. कच्ची कड कुठंही नाही, सगळ्या कडा आत दुमडून दोनदा शिवलेल्या, बाळाच्या कानाशी तर शिवण आलीच नव्हती, तिनं जोड वर सरकवला होता. मी असं कधी केलं नव्हतं. कुणाच्या कानाचा विचार करून मी कधी कपडा कापला नव्हता. मग मोर बघितला. भोक सापडेना. जागा मला पाठ होती, मानेखाली, डाव्या बाजूला. बोट फिरवलं. नाही. भिंग आणलं, दारात उजेडाला धरलं. अस्तराची एक बाजू उसवून आतूनही बघितलं असतं, पण हात धजला नाही. अर्धा तास मी ते रफू शोधत होतो आणि मला ते मिळालं नाही.

ते वाईट असतं तर मला झोप लागली असती. ते माझ्याहून सरस होतं, आणि ते कधी झालं, कुठल्या दिवशी ती माझ्या पुढं निघून गेली, ते मला कळलंच नव्हतं. बावीस वर्षं मी तिचं काम उलटं करून बघितलं होतं, चूक शोधायला. चूक नसेल तिथं काय आहे ते बघितलं नव्हतं. मला ते पार्सल जगात जायला नको होतं. कुणी ते बघावं, कुणी तिला फोन करून रडावं हसावं, नको होतं. मी ते खणात ढकललं. दुसऱ्या दिवशी पाठवू म्हटलं. बुधवारी खण उघडून परत बघितलं. गुरुवारीही.

कुंदा सोमवारी सकाळी परत आली. चेहरा ओढलेला, पाय सुजलेले. मी चहा केला. तिनं घेतला.

"पोचलीस वेळेवर?" मी विचारलं.

"शनिवारीच. मग बारशाला ठेवून घेतलं त्यांनी." चहात बघत ती म्हणाली, "स्वरूपानं कुंची घेतली आणि पदराचा वास घेतला. मग मला म्हणाली, इथं भोक होतं ना? मी म्हटलं, होतं. तिच्या सासूबाईंनी विचारलं, कुणाकडं शिकलात हे?"

मी कप खाली ठेवला.

"तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "माळवदे मास्तर, गडहिंग्लज. दुसरं काय सांगणार? शिकले तर तुमच्याकडंच."

मी क्षमा मागितली. मागितली म्हणजे, "चुकलंच माझं," एवढं पुटपुटलो. ती "हूं" म्हणाली आणि आंघोळीला गेली. तेजलला तिनं काही सांगितलं नाही. पार्सल चुकून राहिलं, आईला नाशिक बघायला मिळालं, एवढंच आमच्या घरात बोललं गेलं. भांडण झालं नाही. पण त्या दिवाळीत ती तेजलकडून कॉलेजच्या मैदानावर स्कूटर शिकली, दोनदा पडली, गुडघा फोडून घेतला, आणि त्यानंतर एकही पार्सल माझ्या हातात आलं नाही. माझी काजं मात्र ती करत राहिली, तशीच, वेळेवर. मीच ती उलटी करून बघायचं सोडून दिलं.

पुढं तिचं वाढत गेलं. समोरच्या बोळात एक खोली घेतली, दोन बायका आल्या, मग चार. गणवेशाचं कंत्राट शाळेनं बाहेर दिलं तेव्हा मी महिनाभर रिकामा बसलो, आणि एका दुपारी त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"अस्तरं कापून देऊ का?" मी विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. "द्या."

पहिल्या दिवशी बारा अस्तरं कापली. तिनं प्रत्येक उचलून बघितलं आणि दोन बाजूला काढली. "ही कानाशी अर्धा इंच कमी आहेत." बायका खाली मान घालून शिवत होत्या. मी ती दोन पुन्हा कापली.

अशीच चार वर्षं गेली. गेल्या वर्षी माघात, एका सोमवारी, बायका सुट्टीवर होत्या आणि आम्ही दोघंच होतो. ती मोती लावत होती, मी कापत होतो. काही कारण नव्हतं. रेडिओवर बातम्या संपल्या आणि मी बोललो.

"कुंदा, त्या नाशिकच्या कुंचीतलं रफू मला सापडलं नव्हतं."

तिची सुई थांबली नाही. "ठाऊक आहे मला."

"भिंग घेऊन बघितलं. अर्धा तास. माझ्या बापालाही असं जमलं नसतं."

"ठाऊक आहे."

"कसं? मी तर कधी बोललो नाही."

"त्याच दिवशी कळलं, खण ओढलात तेव्हा." तिनं दोरा ताणून गाठ मारली. "बिघडलेलं असतं, तर तुम्ही मंगळवारीच, उड्या मारत जाऊन, कुरिअरला देऊन आला असतात."

मी कात्री खाली ठेवली. खरंच, आलो असतो.